मिश्र तंत्रज्ञानाच्या आयटी प्रकल्पांसाठी प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर कसं निवडावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिश्र तंत्रज्ञानाचा प्रकल्प नेमकं कशाला म्हणायचं?

एकच सुविधा उभी करायला वेगवेगळ्या जातीची तंत्रज्ञानं एकत्र यावी लागतात, त्या प्रकल्पाला. कार्ड रीडरवरून पैसे स्वीकारण्याची सोय घ्या. रीडरचं फर्मवेअर (यंत्रातच बसवलेलं सॉफ्टवेअर), मधला एपीआय (दोन प्रणालींना बोलतं करणारा दुवा), मोबाइल अ‍ॅप आणि मागे एसएपी (कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) किंवा मेनफ्रेमवरचा (मोठ्या मध्यवर्ती संगणकावरचा) हिशेब, एवढं सगळं जुळल्याशिवाय एकही व्यवहार पूर्ण होत नाही.

प्रोग्रॅमिंगच्या भाषा वेगळ्या असणं ही यातली किरकोळ बाब. अडचण येते ती कामाच्या चालीची. वेब टीम दिवसातून तीनदा डिप्लॉय करते, म्हणजे नवा कोड चालू यंत्रणेवर चढवते. मोबाइल अ‍ॅप स्टोअरच्या तपासणीतून जातं. तपासणी बहुतेकदा दिवसभरात उरकते, पण अ‍ॅप नाकारलं गेलं तर पुन्हा रांगेत. एसएपीचे बदल ठरलेल्या वेळेतच प्रॉडक्शनला (प्रत्यक्ष वापराच्या यंत्रणेवर) जातात. मेनफ्रेमवाले महिनाअखेरीच्या प्रक्रियेच्या आसपास कशालाच हात लावू देत नाहीत. आणि सर्किट बोर्डात चूक निघाली तर सुधारलेला बोर्ड हातात यायला काही आठवडे जातात.

अशा प्रकल्पात टीमच्या आत फारसं काही अडत नाही. घोडं पेंड खातं ते दोन टीम्सच्या मधल्या सांध्यावर. त्यामुळे सॉफ्टवेअर पारखायचं तेही तिथेच.

डेमो बघायला बसण्याआधी काय तयारी करावी?

मागच्या एका रिलीजचे सगळे हँडओव्हर कागदावर उतरवा. कोणत्या टीमने कोणाला, काय आणि कोणत्या रूपात दिलं (एपीआयचा करार, बायनरी फाइल, एसएपीतल्या बदलांच्या पॅकेजचा ट्रान्सपोर्ट क्रमांक, चाचणीचा डेटा), ठरलेली तारीख कोणती होती, प्रत्यक्षात कधी मिळालं आणि उशीर होणार हे पुढच्या टीमला कोणत्या दिवशी कळलं. पंधरा-वीस नोंदी झाल्या तरी पुष्कळ.

शेवटचा रकाना सगळ्यात बोलका असतो. उशीर तर सगळीकडेच होतो. पण बातमी ठरलेल्या दिवशीच कळत असेल, तर आताची पद्धत सांध्यावर आंधळी आहे. नव्या सॉफ्टवेअरकडून पहिली मागणी तीच ठेवायची: उशीर दिसायला लागताच पुढच्या टीमला आपोआप कळलं पाहिजे.

शंभर-दीडशे वैशिष्ट्यांची तपासयादी करून गुण देण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण तिचा उपयोग थोडा. जवळजवळ सगळी प्रसिद्ध सॉफ्टवेअर तिच्यात ऐंशी-नव्वद टक्क्यांना पास होतात आणि शेवटी निवड डेमो देणाऱ्याच्या वक्तृत्वावर ठरते.

बाजारात जे मिळतं त्याची ढोबळ वर्गवारी कशी करायची?

जिरा, अझूर डेव्हऑप्स, गिटलॅब, गिटहब प्रोजेक्ट्स आणि यूट्रॅक ही कोडच्या जवळची मंडळी. तिकीट (एका कामाची नोंद), ब्रँच (कोडची वेगळी शाखा), बिल्ड आणि रिलीज एकमेकांना बांधून ठेवणं त्यांना छान जमतं. तारखांचं गणित मात्र जेमतेम. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आणि ओरॅकलचं प्रिमावेरा वेळापत्रकातले पक्के. क्रिटिकल पाथ (शेवटची तारीख ठरवणारी कामांची साखळी), कॅलेंडर, बेसलाइन (तुलनेसाठी जपलेली मूळ योजना) हे त्यांचं हुकमी काम, पण डेव्हलपर तिथे फिरकत नाही आणि कोणीतरी रोज हाताने आकडे भरत बसतो. आसना, मंडे, ट्रेलो शिकायला सोपी; मार्केटिंग, खरेदी, प्रशिक्षण असल्या कामांना उत्तम, फर्मवेअरच्या दोषांचा माग काढायला अपुरी. रेडमाइन (२००६ पासून) आणि ओपनप्रोजेक्ट ही मुक्त स्रोत जोडी दोन्हीकडचं थोडं थोडं देते.

एकाच उत्पादनात सगळं उत्तम मिळेल ही आशा सोडून दिलेली बरी. दुखतं कुठे, तारखांच्या साखळीत की कोडच्या मागात, हे ठरवा आणि त्या बाजूचं मुख्य सॉफ्टवेअर घ्या.

सगळ्या टीम्सना एकच सॉफ्टवेअर द्यावं की ज्याचं त्याला?

वाद सगळ्यात जास्त होतात ते याच प्रश्नावर. वरिष्ठांना एकच हवं असतं, कारण अहवाल एका जागी मिळतो. टीम्सना आपापलं हवं असतं, कारण तिथे त्यांचा हात बसलेला असतो. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, म्हणून मोजून ठरवावं.

हँडओव्हरच्या यादीतून टीम्सच्या जोड्या काढा. ज्या जोडीत आठवड्याला एकापेक्षा जास्त हँडओव्हर होतात, ती एकाच सॉफ्टवेअरमध्ये हवी. मध्ये कितीही चांगलं सिंक (दोन्हीकडच्या नोंदी आपोआप जुळवणारी जोडणी) बसवलं तरी रोजची देवाणघेवाण दोन ठिकाणी ठेवून भागत नाही. महिन्यातून एक-दोनदा गाठ पडणाऱ्या टीम्स वेगळ्या राहिल्या तरी चालतात. त्यांच्यासाठी मुख्य सॉफ्टवेअरमध्ये फक्त मैलाचे दगड ठेवायचे: मेनफ्रेमचा बदल चाचणीला उपलब्ध, बोर्डाची दुसरी आवृत्ती हातात, असे. प्रत्येकाला एक मालक, एक तारीख आणि आठवड्यातून एकदा तारीख ताजी करण्याचा ठरलेला वार. हा अठ्ठ्याण्णव रकान्यांचा नव्हे, चार रकान्यांचा करार आहे, म्हणूनच तो पाळला जातो.

तिसराही एक मार्ग असतो: सगळ्यांची साधनं तशीच ठेवून वर अहवाल गोळा करणारा थर चढवायचा. दिसायला आकर्षक, पण खालच्या नोंदी शिळ्या असतील तर वरचा तक्ता शिळाच दिसणार. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

डिपेन्डन्सी (एका कामाचं दुसऱ्यावर अवलंबून असणं) दाखवता येते असं सगळेच विक्रेते सांगतात. पारखायचं कसं?

दाखवणं आणि हिशेब करणं यातला फरक ओळखा. जिरातल्या दोन तिकिटांमध्ये ‘ब्लॉक्स’ असा दुवा दिला तरी एकाची तारीख सरकल्यावर दुसऱ्याची आपोआप सरकत नाही. तो दुवा म्हणजे नुसती चिठ्ठी. तारखांची मांडणी हवी असेल तर प्रीमियम योजनेतलं प्लॅन्स लागतं. अझूर डेव्हऑप्सच्या डिलिव्हरी प्लॅन्समध्ये आधीचं काम नंतरच्या कामाच्या सुरुवातीपलीकडे गेलं तर जोडणारी रेघ लाल होते. इशारा मिळाला, तारीख आपणच बदलायची. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट मात्र आपोआप वेळापत्रक मांडण्याच्या मोडमध्ये पुढची सगळी साखळी सरकवतं. संपल्यावर सुरू, सुरू झाल्यावर सुरू, संपल्यावर संपणं आणि सुरू झाल्यावर संपणं हे चारही संबंध, वर मधलं अंतरही, त्यात देता येतं.

पारखायला पुढची साखळी प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये भरून बघा. सगळे कामाचे दिवस आहेत.

संदेशाचा साचा ठरवणं: ५ दिवस. तो ठरला की दोन कामं एकदम सुटतात: फर्मवेअरचं उरलेलं काम १० दिवस आणि एपीआय ८ दिवस. एपीआय संपल्यावर मोबाइल अ‍ॅप ६ दिवस. फर्मवेअर आणि अ‍ॅप दोन्ही तयार झाल्यावर एकत्रित चाचणी ५ दिवस. मग स्टोअरच्या तपासणीसाठी २ दिवस.

फर्मवेअर १५व्या दिवशी हाताशी येतं, अ‍ॅप १९व्या. चाचणी २० ते २४, तपासणी २६ला संपते. आता फर्मवेअरच्या उरलेल्या कामाला ३ दिवस उशीर द्या. ते १८व्या दिवशी संपेल आणि शेवटची तारीख जराही हलणार नाही, कारण तिथे ४ दिवसांची मोकळीक होती. मग तो उशीर काढून टाका आणि तेवढेच ३ दिवस साचा ठरवण्याला द्या. आता सगळी साखळी ३ दिवस पुढे जाऊन तपासणी २९ला संपते.

दोन्ही उशीर सारख्याच दिवसांचे, परिणाम वेगळे. जे सॉफ्टवेअर हा फरक स्वतःहून दाखवेल ते वेळापत्रकासाठी लायक. जे दोन्ही वेळा नुसता लाल ठिपका दाखवेल त्याच्यासोबत वेळापत्रकाचं वेगळं साधन ठेवावं लागेल. ही परीक्षा भरायला अर्धा तास पुरतो. विक्रेत्याला डेमोतच करायला सांगा, आणि तयार नमुना प्रकल्पावर नको म्हणा.

वेगवेगळी कॅलेंडर कशी सांभाळायची?

टीमनुसार कॅलेंडर लावता येतं का ते तपासा. कामाचे दिवस आणि सलग दिवस यांत घोळ हमखास होतो. अ‍ॅप स्टोअरवर (अॅपलच्या) टप्प्याटप्प्याने रिलीज निवडलं तर अपडेट ७ दिवसांत १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के लोकांपर्यंत पोचतं, आणि हे दिवस सलग मोजले जातात, शनिवार-रविवार धरून. ते कामाचे ७ दिवस म्हणून भरले तर योजना विनाकारण लांबते. उलट बदलबंदीचा काळ कॅलेंडरमध्ये भरलाच नाही, तर सॉफ्टवेअर मेनफ्रेमचं रिलीज खुशाल महिनाअखेरीला टाकून मोकळं होईल.

टीम्स वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये असतील तर अंतिम तारखेसोबत वेळही लिहिता येते का, आणि ती कोणाच्या घड्याळाप्रमाणे दिसते, हेही बघून घ्या.

काही टीम्स स्क्रममध्ये (स्प्रिंट नावाच्या छोट्या, ठरलेल्या फेऱ्यांत) आणि काही टप्प्याटप्प्याने काम करतात. हे एका ठिकाणी बसतं का?

बसतं, फक्त दोघांना एकाच साच्यात कोंबू नये. स्क्रमच्या टीमला दोन आठवड्यांचे स्प्रिंट राहू द्या, हार्डवेअरच्या टीमला टप्पे राहू द्या, ऑपरेशन्सला कानबान बोर्ड. सामायिक असावा तो वरचा एक स्तर, एपिक म्हणा किंवा फीचर, आणि त्याला चिकटलेले मैलाचे दगड. सॉफ्टवेअर बघताना विचारा: एका फीचरखाली तीन वेगळ्या बोर्डांवरची, वेगळ्या स्टेटसची कामं ठेवता येतात का?

एक चूक वारंवार दिसते. वेगवेगळ्या टीम्सच्या स्टोरी पॉइंटची (कामाच्या आकाराच्या अंदाजाची) बेरीज करून प्रकल्पाची टक्केवारी काढतात. वेब टीमचे ५ आणि फर्मवेअरचे ५ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही; पॉइंट हे टीमच्या आतलं माप आहे. सॉफ्टवेअर ती बेरीज करून देतं म्हणजे ती करावी असं नाही.

कोडशी जोडणी करताना काय बिघडतं?

जोडणी बसवायला सहसा तासभरही लागत नाही. बिघडतं ते नंतर, बारीक कारणांनी.

जिरात कमिटच्या (कोडमधल्या बदलाच्या नोंदीच्या) संदेशात तिकिटाचा क्रमांक लिहिला की दुवा तयार होतो, पण प्रकल्पाचं छोटं नाव कॅपिटल अक्षरांतच हवं. स्मार्ट कमिटने, म्हणजे कमिटच्या संदेशातूनच, वेळ किंवा टिप्पणी नोंदवायची तर कमिट करणाऱ्याचा ईमेल आणि जिरातला ईमेल एकच लागतो. घरच्या ईमेलने गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) लावलेल्या माणसाच्या नोंदी गुपचूप हरवतात, कुठे त्रुटीही दिसत नाही. गिटहबचा कोड अझूर बोर्ड्सला जोडला असेल तर नुसता हॅश आणि क्रमांक चालत नाही. आधी ए-बी ही अक्षरं, मग हॅश, मग क्रमांक.

गिटहब आणि गिटलॅबवर ‘क्लोजेस’ किंवा ‘फिक्सेस’ लिहिलेलं तिकीट आपोआप बंद होतं, पण बदल मुख्य ब्रँचमध्ये मर्ज झाल्यावरच, म्हणजे मिसळल्यावरच. रिलीज ब्रँचवर महिनाभर काम चालवणाऱ्या टीमची तिकिटं उघडीच राहतात आणि अहवालात ती टीम विनाकारण मागे दिसते. उलटही होतं. कोड मर्ज झाला की तिकीट बंद, मग तो प्रॉडक्शनला पोचो न पोचो. मिश्र प्रकल्पात तिकीट मर्जवर बंद न करता ‘चाचणीला उपलब्ध’ या स्टेटसला नेणं सुरक्षित, कारण पुढची टीम त्याचीच वाट बघत असते.

एसएपी किंवा मेनफ्रेमसारख्या, गिटवर नसलेल्या कामाचं काय?

तिथे कमिटची जागा ट्रान्सपोर्ट किंवा बदलाचं पॅकेज घेतं. तिकिटावर ट्रान्सपोर्ट क्रमांकाचा स्वतंत्र फील्ड ठेवा आणि त्याला साच्याची तपासणी लावा: तीन अक्षरांची सिस्टिमची ओळख, मग के, मग सहा अंक, उदाहरणार्थ डीईव्हीके९००१२३. क्रमांक टिप्पणीत लिहिण्याची सवय लागली की शोधायला कोणी वाली नसतो.

दुसरं, क्रम. एकच प्रोग्रॅम दोन ट्रान्सपोर्टमध्ये असेल आणि नवा आधी प्रॉडक्शनला गेला, तर मागाहून गेलेला जुना ट्रान्सपोर्ट नव्या बदलावर पाणी फिरवतो. म्हणून एकाच ऑब्जेक्टला हात लावणाऱ्या तिकिटांमध्ये क्रमाचा दुवा सक्तीचा करा.

तिसरं, ‘झालं’ची व्याख्या. आयात झाल्यावर रिटर्न कोड येतो: ० म्हणजे ठीक, ४ म्हणजे इशारा, ८ म्हणजे त्रुटी, १२ म्हणजे गंभीर बिघाड. तिकीट बंद करण्याची अट लिहून ठेवा: प्रॉडक्शनमध्ये ० आला, किंवा ४ आला आणि इशारा कोणीतरी वाचला. ‘कोणीतरी’ म्हणजे कोण, तेही नावानिशी.

दोन सॉफ्टवेअरमध्ये सिंक ठेवायचं ठरलं तर?

पहिला नियम: प्रत्येक फील्डचा मालक एकच. प्राधान्य या बाजूला बदलणार, तांत्रिक स्टेटस त्या बाजूला. दुसऱ्या टोकाला तो फील्ड फक्त वाचायला. दोन्हीकडून बदलता येणारा फील्ड असला की कधीतरी एक बदल दुसऱ्याला ओलांडतो आणि माणसं एकमेकांवर खेकसतात.

दुसरी अडचण पडसादाची. इकडचा बदल तिकडे गेला, तिकडे ‘बदल झाला’ अशी घटना उठली, ती परत इकडे आली, आणि तिकीट रात्रभर अपडेट होत राहिलं. सिंकसाठी वेगळा सिस्टिम वापरकर्ता ठेवायचा आणि त्याने केलेले बदल परत पाठवायचे नाहीत, एवढं केलं की हे थांबतं.

एपीआयवर विनंत्यांची मर्यादा असते. ती ओलांडली की ४२९ हा कोड येतो आणि किती वेळाने परत यायचं ते बहुधा ‘रिट्राय-आफ्टर’मध्ये सांगितलेलं असतं. सिंक ते वाचतं का, की तसंच आपटत राहतं, हे विचारा. चाचणीत एकदम पाचशे तिकिटं बदलून बघा. सिंकचं पाणी तिथेच जोखता येतं.

स्टेटसची जुळवणी करताना एकास एक जोड्या शोधू नका. एका बाजूला नऊ स्टेटस, दुसरीकडे चार. नऊपैकी कोणते चारपैकी कशात जातात हे आधी कागदावर ठरवा. जोडफायली, पुसलेली तिकिटं आणि टिप्पणीत नाव घेऊन केलेले उल्लेख, या तीन गोष्टींवर सिंक सर्वाधिक वेळा फसतं.

क्लाउडवर घ्यावं की आपल्या सर्व्हरवर?

अंतर्गत नेटवर्क बाहेर उघडत नसेल किंवा डेटा विशिष्ट हद्दीतच ठेवणं बंधनकारक असेल, तर निर्णय आधीच झालेला आहे. तसं बंधन नसेल तर क्लाउड सोपं पडतं.

दोन्हीकडे उत्पादनाचं आयुष्य मात्र तपासा. जिराच्या सर्व्हर आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ला संपला, डेटा सेंटर आवृत्तीसाठी २८ मार्च २०२९ ही तारीख जाहीर झालेली आहे. मायक्रोसॉफ्टचं प्रोजेक्ट ऑनलाइन ३० सप्टेंबर २०२६ला निवृत्त होत असल्याची घोषणा झाली आहे. पाच वर्षं चालणारा प्रकल्प तीन वर्षांच्या पायावर उभा करणं परवडत नाही.

मोफत सॉफ्टवेअरवर भागेल का?

लहान टीमचं भागतं. जिरा आणि यूट्रॅक १० वापरकर्त्यांपर्यंत मोफत आहेत. अझूर डेव्हऑप्समध्ये पहिले ५ बेसिक वापरकर्ते मोफत, आणि फक्त बघणाऱ्या व थोडंफार भरणाऱ्यांसाठीचा स्टेकहोल्डर दर्जाही मोफत.

रेडमाइन किंवा ओपनप्रोजेक्टची कम्युनिटी आवृत्ती कितीही जणांना चालते, पण मग सर्व्हर, बॅकअप आणि अपग्रेड आपल्या गळ्यात. रेडमाइनमध्ये बॅकअप दोन गोष्टींचा लागतो, डेटाबेस आणि जोडफायलींचा फोल्डर. नुसता डेटाबेस घेतला तर पुनर्स्थापनेनंतर तिकिटं दिसतात, स्क्रीनशॉट नाहीत. अपग्रेडला घोळ घालतात ते प्लगइन, म्हणून चारच्या वर प्लगइन गेले की हात आखडता घ्यावा.

लायसन्सचा हिशेब कुठे चुकतो?

तीन ठिकाणी. जिराच्या क्लाउडवर एखादं अ‍ॅड-ऑन दहाच जणांना हवं असलं तरी त्याचे पैसे जिराच्या सगळ्या वापरकर्त्यांच्या संख्येवर मोजले जातात. बाहेरच्या पुरवठादारांची माणसं मोजायची राहून जातात. मिश्र प्रकल्पात ती निम्मी असू शकतात. आणि एकल लॉगइन, तपासणीची नोंद किंवा प्रगत रोडमॅप वरच्या योजनेतच मिळतात हे करार झाल्यावर कळतं. आधीच पूर्ण यादी पाठवून लेखी दरपत्रक मागवा.

पुरवठादारांना किती दिसू द्यावं?

त्यांचा वेगळा प्रकल्प करा आणि हँडओव्हरची तिकिटं तेवढी सामायिक ठेवा. चाचणीचा वापरकर्ता बनवून स्वतः लॉगइन करून बघा. मुख्य तिकीट झाकलेलं असूनही दुव्यातून त्याचं शीर्षक, शोधातून त्याचा मजकूर किंवा ईमेलमधून त्याची टिप्पणी निसटते का, ते तपासा. काम संपलेल्या माणसाचं खातं कोण बंद करणार तेही आजच ठरवा.

चाचणी वापर किती दिवसांचा आणि कसा?

चार आठवडे, दोन टीम्स. एकाच जातीच्या दोन टीम्स घेतल्या तर काहीच सिद्ध होत नाही. फर्मवेअर आणि मोबाइल, किंवा वेब आणि एसएपी अशी जोडी घ्या, जिच्यात खरा हँडओव्हर होणार आहे.

१. पहिला आठवडा: फक्त चालू कामाची तिकिटं आणा, फार तर चाळीस. फील्ड आणि स्टेटस जसेच्या तसे, सजावट नको.
२. दुसरा: रिपॉझिटरी (कोडचं कोठार) आणि बिल्डची जोडणी. जुन्या साधनातल्या नोंदी बंद. दोन्हीकडे भरायला लावलं तर लोक नव्याचा राग राग करतील आणि निकाल खोटा येईल.
३. तिसरा: एक हँडओव्हर मुद्दाम तीन दिवस पुढे ढकला. पुढच्या टीमला कधी आणि कशातून कळलं ते लिहून ठेवा. तोंडी सांगावं लागलं तर सॉफ्टवेअर नापास.
४. चौथा: सगळा डेटा बाहेर काढून बघा, जोडफायली आणि इतिहासासकट.

चौथी पायरी लोक वगळतात. दार आत येण्यापुरतंच उघडतं की बाहेर जाण्यापुरतंही, हे पैसे देण्याआधी कळलेलं बरं.

जुना डेटा आणताना कशाची काळजी घ्यावी?

सगळा आणू नका. उघडी तिकिटं आणि गेल्या वर्षभरातली बंद तिकिटं आणा, बाकी जुनी यंत्रणा फक्त वाचण्यापुरती चालू ठेवा. जुने क्रमांक एका स्वतंत्र फील्डमध्ये जपा, कारण ईमेल, कमिट आणि करारांत तेच लिहिलेले असतात.

सीएसव्ही फाइलमध्ये तारखा दगा देतात. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? १२ तारखेनंतरच्या नोंदी नाकारल्या जातात म्हणून निदान लक्षात येतात. त्याआधीच्या शांतपणे चुकतात. वर्ष-महिना-दिवस हा क्रम वापरा. फाइल यूटीएफ-८ मध्ये असावी, आणि ती एक्सेलमध्ये उघडायची असेल तर सुरुवातीला बीओएमची खूण असावी, नाहीतर देवनागरी मजकुराच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात.

सोडून गेलेल्यांची नावं नव्या यंत्रणेत नसतात, म्हणून त्यांची तिकिटं आयातीत अडकतात किंवा आयात करणाऱ्याच्या नावावर जमा होतात. ‘माजी सदस्य’ असं एक खातं आधीच काढून ठेवा. आयात दोनदा करा: एकदा रंगीत तालीम म्हणून रिकाम्या प्रकल्पात, मग खरी.

फील्ड आणि स्टेटस किती ठेवावेत?

सक्तीचे फील्ड पाचपेक्षा जास्त नकोत. सहावा आला की ‘इतर’, ‘लागू नाही’ आणि नुसता टिंब यांची भरती सुरू होते. स्टेटस सहा-सात पुरतात, त्यात ‘दुसऱ्या टीमची वाट बघतोय’ हा स्वतंत्र हवाच. तो लावताना कोणाची वाट, हे निवडणं सक्तीचं करा. महिन्याभरात सांधे कुठे कुरकुरतात त्याचा नकाशा फुकट मिळतो.

अहवालात काय बघावं?

सुरुवातीला तीनच आकडे: हातात असलेली कामं, आठवड्याला संपणारी कामं आणि वाट बघण्यात गेलेले दिवस. पहिल्या दोनांवरून तिकिटाला सरासरी किती वेळ लागतो ते लिटलच्या नियमाने (हातातली कामं भागिले आठवड्याला संपणारी कामं) काढता येतं. हातात ६० तिकिटं आणि आठवड्याला १२ संपत असतील, तर सरासरी ५ आठवडे. ते ३ आठवड्यांवर आणायचं तर त्याच वेगाने हातातली कामं ३६वर आणावी लागतील. म्हणजे नवीन काम घेणं काही काळ थांबवायचं, आणि हे सांगायला तक्ता बरा पडतो, कारण तक्त्याशी कोणी भांडत नाही.

बेसलाइनची सोय बघा. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये ११ बेसलाइन ठेवता येतात. कोडच्या बाजूच्या बऱ्याच साधनांत मूळ तारीख बदलली की ती फक्त इतिहासात उरते, तक्त्यावर तुलना होत नाही. तिथे ‘मूळ तारीख’ असा स्वतंत्र फील्ड करून कुलूपबंद ठेवा.

मराठीत तिकिटं लिहिता येतात का?

युनिकोडमुळे लिहिणं आणि शोधणं सगळीकडे होतं. अडतं ते पीडीएफ काढताना: जोडाक्षरं सुटी होतात, वेलांट्या जागा सोडतात. ‘क्ष’, ‘र्‍या’, ‘द्ध’ असलेलं एक तिकीट छापून बघा.

आधीच घेतलेलं सॉफ्टवेअर बदलावं हे कधी ठरवायचं?

ते हँडओव्हरची बातमी देऊ शकत नसेल, किंवा त्याच्या निवृत्तीची तारीख प्रकल्पाच्या आत येत असेल, तेव्हा. ‘संथ आहे’, ‘किचकट आहे’ या तक्रारींवर आधी सक्तीचे फील्ड निम्मे करा, न वापरलेले स्टेटस काढा, सूचनांचा पूर कमी करा आणि सहा आठवडे थांबून हँडओव्हरचा तक्ता पुन्हा भरा. बदल करायचाच झाला तर रिलीजनंतरच्या आठवड्यात करा, आधीच्या नव्हे, आणि मेनफ्रेमच्या बदलबंदीची तारीख समोर ठेवून.